अकराचा पंखा, आठचा पंखा आणि माझी कानस

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, निपाणी तालुक्यातल्या दूधगंगेकाठच्या एका गावची चार पोरं टेम्पोत एक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला टांगायचं, इंजिन घालून माझ्या शेडवर आली. माझं शेड बेळगावच्या उद्यमबागेत. काम बोअरिंग, होनिंग, क्रँक बसवणं. गिऱ्हाईक मोटारसायकलवाल्यांचं, त्यातही टू-स्ट्रोकवेड्यांचं जास्त. पाण्यावरचं इंजिन उघडायची माझी ती तिसरी-चौथी वेळ. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जो घोटाळा झाला त्याचं निम्मं कारण इथंच आहे.

गावाची गरज खरी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये या पट्ट्यानं काय भोगलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. काळम्मावाडी धरणातून पाणी सुटतं, त्याच वेळी कृष्णा फुगलेली असते, मग दूधगंगेचं पाणी पुढं सरकायला जागाच राहत नाही आणि फुगवटा मागं शेतात, मळ्यात चढत येतो. मळ्यातली घरं बेटासारखी उरतात. सरकारी बोट येते, पण ती आधी कुठल्या गावाला जाणार हे आपल्या हातात नसतं. म्हणून पोरांनी वर्गणी काढली आणि मालवणकडून एक जुनी सोळा फुटी, सपाट तळाची फायबर होडी आणि तिच्यासकट हे इंजिन आणलं. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, १५ हॉर्सपॉवर, २४६ सीसी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५०.

तक्रार एका वाक्याची होती. "मामा, दोघं बसलो तर पळतंय, आठ जण बसले की ओढत न्हाई." त्यातल्या एकाकडं आरएक्स १०० मोटारसायकल होती, माझ्याकडंच पोर्टिंग केलेली, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं कानशीनं वाढवलेली. तो म्हणाला, "माझ्या गाडीला केलं तसं करा की ह्याला."

मला मोह झाला, तो कसा झाला ते हिशोबानं सांगतो. आरएक्स १०० मध्ये ९८ सीसीतून ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर निघते. इथं अडीचपट सीसी आहेत आणि निघते फक्त १५. त्रैराशिक मांडलं तर सत्तावीस-अठ्ठावीस निघायला हवी. म्हणजे कंपनीनं इंजिन बांधून ठेवलंय, सोडवायचं काम आपलं. टू-स्ट्रोकवाल्या दहातल्या नऊ मेकॅनिकांच्या डोक्यात हाच हिशोब असतो, माझ्याही होता.

कॉम्प्रेशन गेज लावला. वरचा सिलिंडर १०५ पीएसआय, खालचा १०२. दोन्हींत तीनचा फरक म्हणजे रिंगा चांगल्या, इंजिन ठणठणीत. शहाण्या माणसानं इथंच थांबून विचारलं असतं, की इंजिन ठणठणीत आहे तर मग ओढत का नाही? मी विचारलं नाही. होडी नदीवर जाऊन बघितली नाही, पंख्यावर (पाणी मागं ढकलणाऱ्या प्रोपेलरवर) कोरलेला आकडा वाचला नाही, बदल करायच्या आधी एकही गोष्ट मोजली नाही. सरळ हेड खोललं.

काय केलं

एक्झॉस्ट पोर्टची (धूर बाहेर जायच्या भोकाची) वरची कड दोन्ही सिलिंडरांत एक मिलिमीटर उचलली. पन्नास मिलिमीटर स्ट्रोकला त्या जागी एक मिलिमीटर म्हणजे पोर्ट उघडं राहण्याचा एकूण काळ साडेचार-पाच अंशांनी वाढतो. ट्रान्सफर पोर्टांच्या (ताजं मिश्रण आत यायच्या भोकांच्या) तोंडाशी ओतकामाच्या पायऱ्या होत्या, त्या गुळगुळीत केल्या (एवढं एक काम आजही मी चुकीचं म्हणणार नाही). हेड लेथवर ०.८ मिलिमीटर घासलं. सिरिंजनं तेल सोडून मोजलं तर चेंबरचं माप २१ सीसीवरून १९ वर आलं, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ६.९ वरून ७.५ च्या आसपास. आणि प्लग काळेकुट्ट निघाले होते म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल यायचं छिद्र, एक पायरी बारीक बसवला. त्याला माझं कारण तयार होतं. इंजिन मालवणच्या समुद्रावर सेट केलेलं, आपली नदी साडेपाचशे मीटर वर, इथं हवा विरळ, म्हणून पेट्रोल जास्त होतंय.

हे कारण खोटं नाही. साडेपाचशे मीटरवर हवेची घनता पाचएक टक्क्यांनी कमी असते. पण कार्ब्युरेटरवर त्याचा परिणाम त्याच्या निम्माच होतो, मिश्रण अडीच-तीन टक्क्यांनी गडद होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. त्याकडं पुन्हा येतो.

चाचणी

बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) अजून काढलेले नव्हते, त्यामुळं नदीत पाणी साठलेलं होतं. दोन पोरं बसली, दोरी ओढली, आणि होडी अशी सुटली की काठावरच्यांनी शिट्ट्या मारल्या. मीही खूश. मग आठ जण बसले. इंजिन गुरगुरायला लागलं, मागं पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरला, आणि होडी आधीपेक्षा जड झाली. पोरं म्हणाली, नवीन काम आहे, मोकळं होईल. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून वरच्या बंधाऱ्यापर्यंत निघाले. अकराव्या मिनिटाला आवाज पडला आणि इंजिन टाइट झालं. वल्ही मारत परत आले.

शेडमध्ये उघडलं. वरच्या सिलिंडरचा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूनं घासून ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं, प्लग पांढराफटक. खालचा वाचला होता, पण त्याचाही प्लग पांढराच. पिस्टन चारही बाजूंनी घासला असता तर फिटिंग घट्ट किंवा पाणी फिरत नाही असं म्हटलं असतं. एकाच बाजूला, तीही एक्झॉस्टच्या, म्हणजे उष्णता. मिश्रण कोरडं (पेट्रोल कमी) आणि लोड जास्त.

आता एकेक दोरा सोडवतो.

प्लग काळे होते ते पेट्रोल जास्त होतं म्हणून नव्हे. पोरं मोटारसायकलचं टू-टी ऑइल घालत होती आणि वर "इंजिन महागाचं आहे" म्हणून मायेनं दोन झाकणं जास्त. पन्नास लिटरला एक लिटर, म्हणजे लिटरमागं २० मिलिलिटर पाहिजे तिथं तेहतीस-चौतीस जात होतं. तो काळा थर तेलाचा होता. गंमत अशी, की तेल जास्त घातलं की त्याच जेटमधून पेट्रोल उलट कमी जातं. म्हणजे जो प्लग मला "पेट्रोल कमी कर" असं सांगतोय असं वाटलं, तो खरं तर वेगळंच काहीतरी सांगत होता. शिवाय आउटबोर्डला लागणारं ऑइल वेगळं. टीसी-डब्ल्यू-३ प्रतीचं, राख न होणारं. पाण्यानं थंड होणारं इंजिन मोटारसायकलपेक्षा गार चालतं, त्यात गाडीच्या ऑइलमधली राख जळून जात नाही, पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगवर बसते. बेळगावात मला ते ऑइल मिळालं नाही, गोव्याहून मागवलं.

दुसरा दोरा पेट्रोलचा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, ऊस आपला, इथेनॉलही आपलंच, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणून जुन्या पेट्रोलसाठी बसवलेला जेट आता सात-आठ टक्के कोरडं मिश्रण देतो. उंचीमुळं तीन टक्के गडद, इथेनॉलमुळं आठ टक्के कोरडं. वजाबाकी केली तर जेट एक पायरी मोठा करायचा होता. मी लहान केला.

तिसरा दोरा माझ्या कानशीचा. मोटारसायकलमध्ये एक्झॉस्ट पोर्ट उचलतात तेव्हा मागं फुगीर सायलेन्सर असतो. त्याच्या उतरत्या भागावर आपटून दाबाची लाट परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. आउटबोर्डात धूर पायातून, म्हणजे इंजिनाखाली पाण्यात जाणाऱ्या उभ्या भागातून, खाली जातो आणि पंख्याच्या मधल्या भोकातून पाण्याखाली सुटतो. तिथं लाट परत आणायला असतो तो फक्त पायातला आखूड पाइप, कंपनीनं आपल्या पोर्टच्या मापाला जुळवलेला. पोर्ट उचललं की ते जुळणं मोडतं, ताजं मिश्रण नदीत जातं. तोच तो तवंग. पॉवर वरच्या आरपीएमला सरकते, खालचा ओढ जातो. आरएक्सवाला गिअर टाकून त्या वरच्या आरपीएमला पोचतो. होडीला गिअर एकच.

आणि लोड. मोटारसायकलला पूर्ण थ्रॉटल किती वेळ मिळतो? वळण येतं, म्हैस येते, पोलीस येतो. आउटबोर्ड म्हणजे चोर्ला घाट एका दमात, पूर्ण थ्रॉटलवर, तिघं बसवून चढणारी गाडी, आणि घाट संपतच नाही. कंपनीनं २४६ सीसीतून १५ च काढली याचं कारण हे. बांधून ठेवलेलं काहीच नव्हतं.

भरपाई

बोअर वाढवून जास्त मापाचा पिस्टन घालता आला असता, ते माझं रोजचं काम. पण उचललेल्या पोर्टचं काय? मोटारसायकलचा सिलिंडर सुटा असतो, खालचं पॅकिंग पातळ करून तो थोडा खाली बसवता येतो. इथं दोन्ही सिलिंडर आणि क्रँककेसचा अर्धा भाग एकाच ओतकामात. खाली-वर काही होत नाही. धातू काढता येतो, परत लावता येत नाही. पोरांना स्पष्ट सांगितलं, चूक माझी, ब्लॉक मी आणतो. कारवारहून त्याच मॉडेलचा वापरलेला ब्लॉक आणि हेड मिळालं. पैसे माझे गेले. पोरांनी वाहतूक दिली, नको म्हटलं तरी.

या वेळी उलट क्रमानं गेलो. इंजिन कंपनीच्या मापात जोडलं, जेट मूळ मापापेक्षा एक पायरी मोठा, ऑइल योग्य, पन्नासला एक. टाकीचं जुनं पेट्रोल ओतून टाकलं. वर्षभर तसंच पडलं होतं आणि तळाला पाणी वेगळं झालेलं दिसत होतं, इथेनॉल ओल ओढून घेतं त्याचा हा प्रताप. नळी मऊ पडली होती, तीही बदलली. आणि मग नदीवर गेलो, मोजायला.

मोजायचं सामान गावातलंच. तंबाखूची बोदं तोलायचा लोंबता इलेक्ट्रॉनिक काटा एकाकडं होता. काठावरच्या झाडाला दोर, दोराला काटा, काट्याला होडी. दोर वीस मीटरचा ठेवला, कारण काठाजवळ पंख्याचंच पाणी फिरून परत येतं आणि आकडा खोटा दाखवतं. वेग मोबाइलवर, प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध घेऊन सरासरी. आरपीएमसाठी प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा मीटर. त्यानं पहिल्यांदा ७९०० दाखवले आणि आम्ही घाबरलो. मग लक्षात आलं, या इंजिनात दोन्ही प्लग एकाच कॉइलवर आहेत आणि एका फेऱ्यात दोनदा ठिणगी पडते. आकडा निम्मा करायचा.

निम्मा केला आणि सगळं उलगडलं. आठ माणसं, पूर्ण थ्रॉटल, फक्त ३९५०. या इंजिनानं पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० च्या दरम्यान फिरायला पाहिजे. तेव्हा कुठं मी पंखा पुसून आकडा वाचला. सव्वानऊ बाय अकरा. सव्वानऊ इंच व्यास, अकरा इंच पिच. मालवणला ही होडी दोन-तीन पर्यटक घेऊन पळायची, तिला तो पंखा बरोबर होता.

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर, किती पुढं गेला असता ते अंतर. हिशोब करून बघा. ३९५० भागिले गिअरचं गुणोत्तर २.०८, म्हणजे पंख्याचे मिनिटाला जवळजवळ १९०० फेरे, गुणिले अकरा इंच. ताशी ३२ किलोमीटर होतात. होडी जात होती ९.२ नं. पंखा ३२ साठी कापलाय आणि होडी नऊनं चाललीय. पाचव्या गिअरमध्ये घाट चढतोय आपण, आणि तक्रार इंजिनाची करतोय.

बरं, होडी नऊनंच का जाते, तेही यात आहे. भरलेली होडी पाण्यावर उचलली जात नाही, पाणी कापत जाते, आणि अशा होडीला स्वतःचीच लाट अडवते. पाण्यात असलेल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या, साडेचारनं गुणा, येईल तो आकडा म्हणजे तिची ताशी किलोमीटरमधली सोयीची कमाल. आमच्या होडीची पाण्यातली लांबी पंधरा फूट, म्हणजे ४.५७ मीटर. उत्तर ९.६. त्यापुढं प्रत्येक अर्ध्या किलोमीटरसाठी इंजिनाला भलतीच किंमत मोजावी लागते. मी पंचवीस हॉर्सपॉवर काढली असती तरी भरलेली होडी विशेष पळाली नसती. गावाला वेग नकोच होता. नदी ताशी सहा किलोमीटरनं वाहत असताना आठ माणसं घेऊन वर चढायला ओढ पाहिजे होता.

आणि तो ओढ इंजिनात आधीपासून होता. टॉर्क (फिरवण्याचा जोर) सगळीकडं सारखा धरला तरी १५ हॉर्सपॉवरचं इंजिन ५००० ऐवजी ३९५० वर अडकलं की बारासुद्धा देत नाही. तीन हॉर्सपॉवर तशीच पडून. मी कानस घेऊन जे शोधत होतो ते पंख्याच्या नटाखाली होतं.

आठ इंच पिचचा पंखा गोव्याहून आला. नव्या ब्लॉकच्या किमतीपुढं काहीच नाही. त्याच दिवशी, त्याच झाडाला, तोच काटा. अकराच्या पंख्यानं ९६ किलो ओढ दाखवला होता, आठच्यानं १२७. आठ माणसं घेऊन ४७५० आरपीएम, वेग १०.८. पिच कमी करून वेग वाढला हे पोरांना पटेना. दोनदा पंखे बदलून दाखवले.

एक गोष्ट राहिली होती. इंजिन लांब पायाचं, वीस इंची, आणि होडीची मागची फळी सोळा इंच. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या चार इंच खाली जात होती. ती तळाच्या बरोबरीनं किंवा इंचभर खाली असावी. जास्त खोल पाय म्हणजे जास्त लोखंड पाण्यात ओढत नेणं, आणि पुरात कुंपणाच्या तारा, उसाचे बुडखे त्यात अडकतात ते वेगळं. बाभळीचा तीन इंची ठोकळा फळीवर बोल्टनं बसवला, इंजिन वर उचललं. ४८५० आरपीएम, ११.३ किलोमीटर. खर्च बोल्टांचा.

जुलैअखेर नदी पात्राबाहेर आली, खालचे पूल बुडाले. मोठा पूर नव्हता. होडीनं चार दिवसांत मळ्यातली माणसं, दोन बाळंतिणी, शेरडं आणि बरंच वैरणीचं सामान हलवलं. त्या दिवसांत दोन फोन आले. पहिला, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बंद झाली म्हणून. जलपर्णीनं पाणी घ्यायची जाळी बुजली होती, इंजिन ताबडतोब बंद केलं म्हणून वाचलं. गाळाच्या पाण्यात पंपाचा रबरी पंखाही लवकर झिजतो, दर पावसाळ्याआधी नवा घालायचा असं ठरवलंय. दुसरा फोन, पाण्यातल्या माणसाजवळ जाताना काय करायचं म्हणून. त्याला उत्तर एकच, न्यूट्रल नव्हे, बंद. पंख्याला जाळी लावायचा विचार झाला होता, पण तिनं ओढ घटतो आणि पाल्यानं ती तुंबते, म्हणून लावली नाही. इंजिन बंद करायची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असलीच पाहिजे, यावर मात्र मी अडून बसलो. होडीची नोंदणी राहिली होती. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली इंजिनाच्या होडीला ती लागते. कागद आता दिलेत.

आठच्या पंख्याचा एक तोटा आहे, तो पोरांना दाखवून दिलाय. रिकाम्या होडीत दोघंच बसून पूर्ण थ्रॉटल दिला तर आरपीएम ५५०० च्या वर जातो, आणि टू-स्ट्रोकला तसं फार वेळ पळवलं तर आपली जुनीच गाठ पुन्हा पडणार. म्हणून रिकामं चालवून खरा आरपीएम (मीटरचा निम्मा आकडा) ५३०० होईल तिथं थ्रॉटलच्या मुठीवर खूण केली. रंग नव्हता, एकानं घरातून बहिणीची नेलपॉलिश आणली. गुलाबी रेघ आहे. रिकाम्या होडीत रेघेपुढं मूठ फिरवायची नाही, आठ जण बसले की फिरवायची.

उचललेल्या पोर्टचा ब्लॉक शेडच्या दारात दगडासारखा लावलाय, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. आरएक्सवाला परवा आला होता, त्याच्या गाडीचा पोर्ट अजून अर्धा मिलिमीटर उचलायचा होता. त्याला म्हटलं, आधी तुझा मागचा चेनचा दातरा किती दातांचा आहे ते मोजून ये.